शोरूममधली खांदशेकणी

"साहेब, मी पोळ्यापर्यंत येईन. मंग नाही."

टायरमधल्या हवेबद्दल बोलावं इतक्या साध्या आवाजात उज्ज्वला मॅडमनी हे सांगितलं, आणि काउंटरवर परत जाऊन एका गिऱ्हाइकाला विम्याचा कागद समजावून द्यायला लागल्या. बबनराव गावंडे मात्र केबिनमध्ये उभेच्या उभे राहिले.

बबनराव हे आर्णीतल्या एका दुचाकी शोरूमचे मॅनेजर. यवतमाळ रोडला मोठी काच, काचेच्या आत नव्या गाड्या, गाड्यांच्या मागे काउंटर, काउंटरच्या मागे आणखी एक काच, आणि त्या काचेच्या आत बबनराव, अशी एकंदर रचना होती. केबिनच्या दारावरची आपल्या नावाची पाटी ते रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसत. हे काम त्यांनी कुणावर सोपवलं नाही, कारण काही कामं माणसाने स्वतःच करायची असतात.

त्यांनी काचेवर टकटक करून उज्ज्वला मॅडमना पुन्हा आत बोलावलं.

"काहून सोडून राह्यल्या तुमी?"

"टेन्शन होते साहेब."

"कायचं टेन्शन?"

"होते." एवढं बोलून त्या गेल्या, कारण बाहेर आता दोन गिऱ्हाइकं उभी होती.

बबनरावांच्या मते टेन्शन हा पुण्या-मुंबईकडचा आजार होता. आर्णीत माणसाला फार तर पित्त होतं, आणि पित्तावर जिरं चावून खाल्लं की भागतं. डोक्यावर पंखा, बसायला फिरती खुर्ची, समोर कॉम्प्युटर, आणि तरी टेन्शन? आमच्या वेळी, असं एक वाक्य त्यांच्या तोंडात आलंही होतं, पण ऐकायला केबिनमध्ये कुणी नव्हतं.

शोरूमचे मालक पुंडलिकराव यवतमाळला राहत आणि फोनवरून शोरूम चालवत. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण दुपारीच त्यांचा फोन आला.

"गावंडे, ते पोरगी गेली तर पासिंगचे कागद कोण करन? विमा कोण पाहीन? दसरा तोंडावर हाय."

"पाहू ना शेठ. दुसरं कोणी भेटन."

"दसऱ्याच्या आंधी नाही भेटत. ते गेली तर तुमीच बसा काउंटरवर. मंग केबिन कायले पाह्यजे? तिथं हेल्मेटं मांडू."

फोन ठेवल्यावर बबनरावांनी केबिनच्या चारी भिंतींकडे बघितलं, आणि त्यांना तिथे खरोखर हेल्मेटं दिसायला लागली. काउंटरवर बसायचं म्हणजे कॉम्प्युटरवर बसायचं. त्यांनी आपण होऊन आजवर एकच बिल काढलं होतं. त्यात गिऱ्हाइकाच्या जागी स्वतःचं नाव टाकल्यामुळे एका गुरुजींची स्कूटर बरेच दिवस कागदोपत्री बबनरावांच्या मालकीची होती, आणि गुरुजी अजूनही रस्त्यात भेटले की त्यांच्याकडे संशयाने बघत. तेव्हा ठरलं. पोळ्याच्या आत शोरूममधलं टेन्शन मुळासकट काढायचं, म्हणजे उज्ज्वला मॅडमही राहतील आणि केबिनही राहील.

एवढं सगळं करण्यापेक्षा त्यांनी मॅडमनाच नीट बसवून का नाही विचारलं, असं कुणी म्हणेल. तर विचारलं होतं की. वर लिहिलंच आहे.

टेन्शन काढण्याची काहीतरी योजना कंपनीकडेच आहे, ही माहिती सेल्समन पियुषने दिली. कंपनीचं एक अ‍ॅप होतं. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याने आपापली मनःस्थिती भरायची. हसरा चेहरा, सपाट चेहरा आणि रडका चेहरा यांपैकी एक दाबायचा. मग शाखेत टेन्शन असलं तर कंपनी मोफत वर्ग घेणार. बबनरावांनी लगेच आदेश सोडला. मुख्य मेकॅनिक मारोतीचे हात ग्रीसने माखलेले होते, म्हणून त्याने ते काम पियुषला सांगितलं, त्याचं बघून बाकीच्यांनीही, आणि पियुषने सगळ्यांचे हसरे चेहरे दाबून टाकले, कारण हसरा चेहरा अंगठ्याच्या जवळ होता. दुसऱ्या दिवशी कंपनीचं अभिनंदन आलं. आर्णी शाखा अत्यंत आनंदी असून तिला कोणत्याही मदतीची गरज नाही.

बबनरावांनी कंपनीला फोन केला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एका मुलाने फोन घेतला.

"सर, तुमच्या शाखेत तणाव नाही असं दिसतंय."

"हाय ना बापा. लय हाय."

"मग तसं भरा ना सर. पुढच्या सोमवारी परत उघडेल."

पुढच्या सोमवारी सगळ्यांनी शिस्तीत रडका चेहरा दाबला. तरी अर्ज पुढे सरकेना. पियुषने स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, की शाखाप्रमुख आनंदी असेल तर इतरांचं रडणं धरत नाहीत. शाखाप्रमुखालाही रडावं लागतं.

"मी कायले रडू?" बबनराव म्हणाले. "मले काय झालं?"

"नुसतं दाबायचं हाय साहेब."

पण नुसतं तरी कसं दाबायचं? उद्या पुंडलिकरावांनी बघितलं तर? वडगावच्या सासरवाडीपर्यंत बातमी गेली तर? जावई शोरूममध्ये रडतात, असं तिकडे सांगितलं जाईल. शेवटी त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि अंगठा टेकवला. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा खरोखरच त्या चित्रासारखा झाला होता. अर्ज मंजूर झाला, आणि वर्गाची तारीख मिळाली ती नेमकी पोळ्याच्या दोन दिवस आधीची.

तोवर हातावर हात ठेवून बसणं शक्य नव्हतं. बबनरावांच्या शेजारी बाबाराव राहत. रिटायर झालेले मास्तर, आणि रिटायर झाल्यापासून त्यांचं शिकवणं फार वाढलं होतं.

"टेन्शनचं मूळ तंबाकूत हाय," बाबारावांनी निदान केलं. "खर्रा बंद करा. अन रोज सकाळी हसवा त्याहिले. मोठ्यानं. मी बागेत रोज हसतो, माया बीपी पाहा."

बाबारावांच्या बीपीबद्दल बबनरावांना काहीच माहीत नव्हतं, पण सल्ला फुकट होता. त्यांनी त्याच दिवशी शोरूममध्ये खर्राबंदी जाहीर केली. आता ज्यांना यवतमाळ जिल्हा ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं, की पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा ही इकडे नुसती सवय नसते, तो घोटता घोटता माणसं एकमेकांची चौकशी करतात, भांडणं मिटवतात आणि पोरीबाळींची लग्नं जमवतात. मारोती पन्नी घोटत गाडीचं इंजिन ऐकायचा आणि बिघाड सांगायचा. पन्नी गेली तशी त्याची श्रवणशक्तीही गेली. एका गाडीत त्याला सगळंच वाजल्यासारखं वाटलं आणि त्याने ती पूर्ण खोलली. दुपारपर्यंत वर्कशॉपमध्ये पान्हे आपटल्याचे आवाज यायला लागले. दोन मेकॅनिक एका स्क्रूवरून तीन पिढ्यांच्या गोष्टी काढून भांडले. संध्याकाळी बबनरावांनी बंदी मागे घेतली, म्हणजे तशी जाहीर काही घेतली नाही, ते नुसते वर्कशॉपकडे पाठ करून उभे राहिले, आणि मागून पन्नीचा ओळखीचा आवाज आल्यावर त्यांनाही बरं वाटलं.

हसण्याचं मात्र त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना काचेसमोर ओळीने उभं केलं, हात वर करायला लावले आणि हसा म्हणून सांगितलं. आधी कुणाला हसू येईना. मग पियुषला बबनरावांचे वर केलेले हात बघून आलं, त्याचं बघून मारोतीला, आणि मग ते थांबेचना. नेमका त्याच वेळी एक शेतकरी आपली गाडी ढकलत शोरूमच्या दारात आला. चाकांत काळ्या मातीचा चिखल गच्च बसलेला, क्लचप्लेट जळालेली, आणि गावापासून गाडी ढकलत आणलेली. काचेच्या आत सगळी शोरूम हात वर करून आपल्याकडे बघून हसते आहे, हे त्याने बघितलं. त्याने गाडी स्टँडला लावली, बाह्या मागे केल्या आणि आत आला.

"काय झालं हसाले? हे गाडी तुमीच विकली ना मले?"

त्याची समजूत काढायला उज्ज्वला मॅडमच धावल्या. न्याहारीला उघडलेला डबा त्यांनी तसाच झाकून ठेवला, त्या माणसाला बसवलं, पाणी दिलं, त्याचं नाव-गाव न विचारता बरोबर सांगितलं, आणि तो शांत झाला. हे बबनरावांनी बघितलं. ही बाई गेली तर उद्या असला माणूस बाह्या मागे करून येईल तेव्हा काउंटरवर आपण असू, आणि पाणी कुठल्या माठातलं द्यायचं हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही.

वर्गाचा दिवस उजाडला. लॅपटॉपवर पुण्याच्या एक मॅडम आल्या. रेंज अशी होती, की त्यांचं चित्र एका हाताचं बोट वर केलेलं तसंच थिजून राहिलं, पण आवाज स्वच्छ येत होता.

"दिवसभराचा सगळा ताण आपण कुठे साठवतो माहितेय? खांद्यांवर," थिजलेल्या मॅडम म्हणाल्या. "किती ओझं वाहतात ते. तुमच्या खांद्यांना कधी कुणी विचारलंय, की बाबा रे, कसा आहेस?"

मारोतीने आपल्या खांद्याकडे मान वळवून बघितलं. पियुषला झोप लागली होती. बबनरावांच्या मात्र अंगावर काटा आला. खांद्याला विचारायची पद्धत त्यांच्या गावात होती की. पुण्याच्या मॅडमना ती आत्ता सुचली, एवढंच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्यावर, जिथे वर्षभर जू बसतं तिथे, गरम पाण्याने शेकतात, तूप-हळद चोळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं निमंत्रण देतात. खांदशेकणी ती. आणि पोळा तर परवावरच होता. इतका सरळ उपाय अंगणात असताना आपण अ‍ॅपवर रडलो, याचं बबनरावांना वाईट वाटलं.

"उद्या सांजच्याले खांदशेकणी," त्यांनी जाहीर केलं. "आपली. शोरूमची."

मारोतीने थोडा विचार केला. "म्हंजे आमी बैल, असं म्हणून राह्यले का साहेब?"

"तसं नाही बापा. पण जू हाय ना खांद्यावर?"

"जू तर हाय," मारोती म्हणाला, आणि बाकीच्यांनीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बबनरावांच्या पत्नी विमलताई तूप-हळदीची वाटी आणि स्वच्छ टॉवेल घेऊन शोरूममध्ये आल्या. बायामाणसांचे खांदे विमलताई शेकणार आणि पुरुषांचे स्वतः बबनराव, अशी विभागणी होती. गाड्या धुण्याच्या जागी मोठ्या पितळी गंजात पाणी गरम झालं. सगळे स्टुलांवर ओळीने बसले. बबनरावांनी बाह्या दुमडल्या, टॉवेल पिळला आणि मारोतीच्या खांद्यावर ठेवला. कंपनीचे पांढरे शर्ट सगळ्यांनी अंगात तसेच ठेवले होते, ही गोष्ट हळद लागल्यावर लक्षात आली. हळद काही निघत नाही. पण तोवर तीन शर्ट पिवळे झाले होते, आणि मग चौथ्याने मागे का राहावं?

पियुषला गुदगुल्या झाल्या आणि तो स्टुलावरून पडला. मारोती मात्र डोळे मिटून बसला. बबनरावांना काळजी वाटली.

"दुखलं का रे?"

"नाही साहेब." मारोतीने डोळे उघडले नाहीत. "लगनात हळद लागली होती. त्याच्यानंतर आजच लागली."

बबनरावांनी टॉवेल पुन्हा गरम पाण्यात बुडवून पिळला. त्यांनी आणखी थोडं तूप घेतलं आणि दुसरा खांदाही चोळायला घेतला.

उज्ज्वला मॅडम पदर सारखा करून विमलताईंसमोर बसल्या होत्या. गरम टॉवेल खांद्यावर पडला तसे त्यांचे डोळे मिटले. विमलताई हळूहळू शेकत होत्या, आणि एवढ्यात दारात कुणीतरी आलं.

"मॅडम," बबनराव मारोतीच्या खांद्यावरून मान काढून म्हणाले, "ते जरा पावती पाह्यजे त्याहिले."

मॅडम उठल्या आणि पिवळा खांदा घेऊन काउंटरवर गेल्या. विमलताई हातात ओला टॉवेल धरून नवऱ्याकडे बघत राहिल्या. ते बघणं बबनरावांच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांचं लक्ष तुपाकडे होतं.

तोवर सर्व्हिसिंगसाठी आलेली गिऱ्हाइकं भोवती जमली होती. तो क्लचप्लेटवाला शेतकरीही गाडी न्यायला आला होता. त्याने सगळा प्रकार बघितला आणि सदऱ्याचं बटण काढलं.

"सर्व्हिसिंगमधी हेबी येते का?"

"येते," मारोती डोळे न उघडता म्हणाला. "धुलाईसंगं."

झालं. पुढच्या काही वेळात शोरूममध्ये रांग लागली. पेरणी, डवरणी, खुरपणी करून आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दमलेले खांदे होते ते, त्यांना शेकायची फार गरज होती. बाहेरून जाणारे थांबायला लागले, आणि कंपनी नव्या गाडीवर काय देऊन राह्यली हे विचारायला लागले. बबनरावांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले, कपाळावर घाम आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळी आर्णी आपल्या हाताखाली आहे असं त्यांना वाटलं. रांगेतला एक म्हातारा खांदा शेकून झाल्यावर उठला आणि थांबला.

"आवतन देल्लं का?"

"कायचं आवतन?"

"वा. खांद शेकून सोडून देता काय? आवतन देल्ल्याबिगर खांदशेकणी होत नाही."

म्हाताऱ्याचं बरोबर होतं. बबनरावांनी हात जोडले, मान लववली आणि लहानपणी वडील गोठ्यात म्हणत तसं भारदस्त आवाजात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैल यावर नुसती मान हलवतात. ही मंडळी बोलती होती. "येतो ना," सगळी रांग म्हणाली, आणि घर कुठे ते विचारून घेतलं. विमलताईंच्या हातातली वाटी अर्ध्यातच थांबली.

घरी जाताना त्या स्कूटरवर मागे बसून बोटांवर माणसं मोजत होत्या. घराचं वळण आल्यावर म्हणाल्या, "किती डाळ शिजू घालू?"

"जेवढी हाय तेवढी घाल."

"बैल परवडले असते. ते दारातूनच परत जाते."

आणखी एक अडचण होती, आणि ती बबनरावांनी बायकोलाही सांगितली नव्हती. पोळ्याच्या दिवशी शोरूम उघडी राहणार होती. पुंडलिकरावांनी तसा मोठा फलकच लावला होता, पोळ्याच्या मुहूर्तावर नवी गाडी घरी न्या म्हणून. पण आवतन दिलेल्या जिवाला त्या दिवशी जुंपत नाहीत, ही गोष्ट मारोतीने शटर ओढता ओढता इतक्या गंभीरपणे सांगितली होती, की बबनरावांना नाही म्हणवलं नाही. शिवाय मॅडमचा हा शेवटचा दिवस. त्या कामावर येण्याऐवजी घरी जेवायला आल्या तर काहीतरी होईल, अशी त्यांना अंधूक आशा होती. काय होईल हे ठाऊक नव्हतं.

पोळ्याला सकाळपासून पुरण शिजत होतं. शेजारणी येऊन पोळ्या लाटायला बसल्या. मग दुपारी मंडळी आली. मारोतीने बैलाचं बाशिंग आपल्या हेल्मेटला बांधलं होतं. पियुषच्या गाडीला घुंगरमाळ होती आणि त्याच्या स्वतःच्या पाठीवर झूल. सगळ्यांनी पिवळे पडलेले शर्टच घातले होते. विमलताईंनी दारात उभं राहून एकेकाच्या पायावर पाणी घातलं आणि ओवाळलं. मारोती ओवाळून घेताना मान खाली घालून उभा राहिला आणि मध्येच डोकं झटकलं, तेव्हा शेजारणी हसून हसून खाली बसल्या. तो क्लचप्लेटवाला शेतकरी तर आपली खरीच जोडी घेऊन आला, कारण आवतन बैलांचं असतं, माणसांचं नसतं, असं त्याचं म्हणणं पडलं. जोडी शांत होती. तिने पुरणपोळी खाल्ली आणि मग कुंपणावरून मान घालून बाबारावांची सगळी शेवंती खाल्ली. बाबाराव बाहेर आले, त्यांनी बघितलं, आणि त्यांना अजिबात हसता आलं नाही. शेवटी विमलताईंनी त्यांनाही पाटावर बसवलं.

जेवायच्या आधी झडत्या झाल्या पाहिजेत, असं मारोतीने काढलं. पोळा भरला की तोरणाखाली लोक एकेक करून झडती म्हणतात. त्यात पाटलापासून सावकारापर्यंत कुणालाही काहीही बोलता येतं आणि कुणी रागवायचं नसतं.

"म्हणा ना," बबनराव मोठ्या मनाने म्हणाले.

पियुष पुढे आला आणि त्याने कानावर हात ठेवला.

"आर्णीच्या रस्त्याले चिखलाचा लोंढा,
गिऱ्हाईक घेऊन येते गाडीचा धोंडा,
मारोती धुते चाक अन मी धुतो सीट,
साहेब म्हणते, पोट्टेहो, फोटो काढा नीट. हर बोला."

"हर हर महादेव," सगळे ओरडले. बबनरावही ओरडले, जरा उशिराने.

मारोतीने खर्राबंदीवर एक म्हटली. ती इथे देता येण्यासारखी नाही. मग कुणीतरी म्हणालं, आता मॅडम. बायका काही झडत्या म्हणत नाहीत, पण विमलताईंनी पोळी लाटणं थांबवून सांगितलं, "म्हण वं पोरी." उज्ज्वला मॅडम उभ्या राहिल्या. आधी खाली बघत होत्या, मग त्यांनी मान वर केली.

"डब्यात भाजी वांग्याची, वर तेलाची तर्री,
पहिला घास तोंडात, दुसरा हातावरी,
साहेबाची हाक येते, या जरा समोरी,
तीन सालं झाले, खाल्ली नाही पोळी पुरी. हर बोला."

या खेपेला हर हर महादेव एकट्या विमलताईंनी म्हटलं. बबनराव तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे होते. पगार, पंखा, खुर्ची, शेठ, यवतमाळच्या मोठ्या शोरूममधली नोकरी, सगळी कारणं त्यांची शोधून झाली होती. डबा त्यात कुठेच नव्हता. आणि आता एकामागून एक डबे त्यांना आठवायला लागले, झाकण टाकलेले, अर्धे राहिलेले, संध्याकाळी तसेच पिशवीत गेलेले. प्रत्येक वेळी काचेवर टकटक करणारं बोट आपलंच होतं. त्यांना राग आला नाही. लाज वाटली, आणि ती चांगलीच वाटली.

"टेन्शन हे होतं?" ते हळूच म्हणाले.

"हेच होतं साहेब," मॅडम म्हणाल्या. "सांगाले एवढं बारीक वाटे. लोक हसन म्हणून सांगतलं नाही."

"बारीक कायचं," विमलताई म्हणाल्या. "मले विचार. मी बी वीस वर्षं झाले याहिच्या हाकेवरच जेवून राह्यली."

मग बबनरावांनी दुसरं काही न बोलता मॅडमसाठी पाट मांडला, पानात पुरणपोळी वाढली, त्यावर तूप घातलं, आणि तूप घालताना हात आखडता घेतला नाही. सगळे बसले. मॅडमनी पहिला घास तोंडात घातला, आणि तेवढ्यात बबनरावांचा फोन वाजला.

पुंडलिकराव इतक्या जोरात बोलत होते, की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. शटर बंद का आहे? दारात गिऱ्हाईक उभं आहे, त्याला आजच्या मुहूर्तावर गाडी पाहिजे. यवतमाळहून बिल काढावं तर कॉम्प्युटर त्या पोरीच्या पासवर्डशिवाय उघडत नाही. "दे तिले फोन. एक मिनिटाचं काम हाय."

उज्ज्वला मॅडमनी सवयीने हातातला घास पानात ठेवला आणि उठायला लागल्या. सगळी पंगत बबनरावांकडे बघत होती. बबनरावांनी एकदा केबिनचा विचार केला. तिथली हेल्मेटं त्यांना अगदी स्पष्ट दिसली, लाल आणि काळी, रांगेने मांडलेली. मग त्यांनी मॅडमना हाताने खाली बसायची खूण केली.

"शेठ," ते म्हणाले, "ते जेवून राह्यली."

"काय?"

"जेवून राह्यली. जेवण झालं का देतो. गिऱ्हाइकाले इकडंच पाठवा, पुरणपोळी हाय."

पलीकडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला. बबनरावांनी तुपाचं भांडं उचललं आणि ते वाढायला लागले. तूप जरा जास्तच पडलं, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

गिऱ्हाईक आलं. त्याने हातपाय धुतले, पंगतीत बसलं, आणि जेवण झाल्यावर गाडीचं बघू म्हणालं. मॅडमनी पहिली पोळी संपवली, दुसरी घेतली, कढी-भाताला बसल्या, मध्येच शेजारणीशी काहीतरी बोलून हसल्या, आणि बोटं चाटून उठल्या. बबनराव भिंतीला टेकून हे सगळं बघत होते. एखादं माणूस पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत जेवताना आपण कधी बघितलंच नव्हतं, असं त्यांना वाटलं.

हात धुऊन मॅडम विमलताईंजवळ गेल्या.

"काकू, उरल्या असन तर उद्याच्या डब्याले दोन पोळ्या देजा."

"उद्याच्या?" बबनराव म्हणाले.

"शोरूम उघडी हाय ना उद्या?"

"हाय ना. हाय. उघडीच हाय," बबनराव म्हणाले, आणि पाठ फिरवून उगाचच पाण्याचा माठ उघडून बघितला. विमलताईंनी त्यांचा दंड धरला आणि पाटावर बसवलं. सगळ्यांना वाढता वाढता ते स्वतः जेवलेच नव्हते, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. पानात पोळी पडली. बबनरावांनी पहिला घास मोडला, आणि बाहेरच्या खोलीत त्यांचा फोन पुन्हा वाजायला लागला.

ते उठायला गेले. पण फोनजवळ उज्ज्वला मॅडम उभ्या होत्या. त्यांनी नाव बघितलं, ओल्या हातानेच फोन उचलला आणि कानाला लावला.

"हो शेठ, मीच. नाही, आत्ता नाही देता येत," त्या म्हणाल्या. "साहेब जेवून राह्यले."